थकव्याची बाटली

कंपाउंडर म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. डॉक्टर तपासतो आणि कंपाउंडर बरा करतो, असं मी लोकांना सांगायचो. खरं काम एवढंच की गोळ्या खलात कुटून त्यांच्या पुड्या बांधायच्या, लाल औषध ओतून बाटलीला डोस मोजायची कागदाची खूण डकवायची, सुया उकळायच्या आणि नंबरावरून दारात होणारी भांडणं मिटवायची. पवनानगरच्या चौकातल्या एका दवाखान्यात मी हे उभी हयात केलं. नाव इस्माईल मुलाणी, गाव तिकोणा पेठ. शिक्षण चौथी, तीही दोनदा, त्यामुळे पाया पक्का. लोक इस्माईलभाई म्हणायचे आणि फार घाईत असले की डागदर म्हणायचे. मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. घाईतल्या माणसाला अडवू नये.

माझी ख्याती होती ती बाटलीवर. सलाईनची बाटली. आमच्या मावळात भाताची लावणी उरकली की बाटलीचा हंगाम सुरू होतो. दिवसचे दिवस चिखलात वाकून बायामाणसांच्या कंबरा धरतात, अंगात बळ राहत नाही, मग सगळे दवाखान्यात येऊन एकच म्हणतात, "बाटली चढवा." खाटा कमी पडायच्या. एका खाटेवर दोन बाया, एकीचं डोकं इकडं, दुसरीचं तिकडं, मधे एकच लोखंडी खांब आणि त्याला दोन बाटल्या. मी विचारायचो, "पांढरी का पिवळी?" बाटलीत ताकदीचं इंजेक्शन टाकलं की पाणी पिवळं होतं. पिवळीचा मान मोठा. पिवळी लावून घेतलेली बाई आठवडाभर वाडीत सांगत फिरायची.

आणि शीर! लावणीनं फुगलेल्या, भेगाळलेल्या हातात शीर शोधणं म्हणजे बांधावरच्या बिळात खेकडा शोधण्यासारखं. मी डोळे मिटून, बोटानं चाचपून सुई घालायचो. आमचे मोठे डॉक्टर दोनदा टोचून हटले की हाक मारायचे, "इस्माईल, ये रे बाबा." तेवढ्या एका हाकेवर मी दोन पगारवाढी सोडल्या असतील.

मोठे डॉक्टर गेले आणि त्यांची लेक दवाखान्यात बसू लागली. हिला मी लहानपणी खांद्यावर घेऊन धरणाची भिंत दाखवून आणलेली. आता ती पुण्यात मोठं शिक्षण करून आलेली. मी तिला ताई म्हणतो, ती मला इस्माईलकाका म्हणते. पहिल्याच लावणीला ताईनं बाटल्या बंद केल्या.

"काका, बाटलीत मीठ आणि पाणी असतं. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, मग कशाला लावायची?"

"ताई, लोकांना बरं वाटतं."

"बाटलीनं नाही वाटत. तासभर आडवं पडायला मिळतं ना, त्यानं वाटतं. घरी कोण पडू देतंय त्यांना?"

मला हे पटलं नाही. मला पटलं नाही की मी मान हलवतो आणि आपलं तेच करतो. घरी माझी बायको जैतून या हलणाऱ्या मानेला फार ओळखून आहे. पण दवाखान्यात कपाटाच्या किल्ल्या ताईच्या हातात, त्यामुळे आपलं तेच करायला वाव राहिला नाही.

बाटलीच्या जागी ताईनं आणले प्रश्न. माणूस "थकवा आलाय" म्हणाला की ही विचारायची, थकवा म्हणजे नक्की काय होतं? झोप येते? दम लागतो? हातापायातलं बळ गेलंय, का करावंसंच वाटत नाही? वजन उतरलंय का? संध्याकाळी ताप येतो? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली आणि आत ही चौकशी. मी म्हटलं, "ताई, थकवा तो थकवा. त्याची काय जात विचारायची?" ती म्हणाली, "थकवा हा निरोप आहे काका. कुणी धाडलाय ते बघायला नको?" मी मनात म्हटलं, निरोप्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावा. त्याच्या घरची चौकशी कशाला?

आमच्याच पेठेतला एक गडी नवलाख उंबऱ्याला कारखान्यात कामाला. तिशीचा, अंगानं चांगला भरलेला. म्हणाला, "भाई, यंत्रावर उभ्या उभ्या डोळं मिटत्यात. बाटली लावा, न्हाईतर हात जाईल एक दिवस." रात्रपाळी करतो, दुसरं काय असणार! बाकावर बसवला तर लगेच घोरायला लागला. काय ते घोरणं! शेजारची म्हातारी उठून उन्हात उभी राहिली. मी त्याला हलवायला निघालो तर ताई दार उघडून बाहेर आली आणि तोंडावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. घोरणं एकाएकी थांबलं. मी म्हटलं, सुटलो. "काका, छाती बघा त्याची. श्वासच थांबलाय." तेवढ्यात गड्यानं बुडता माणूस वर यावा तशी धाप घेतली आणि परत सुरू. रात्रभर, दिवसभर, झोपेल तेव्हा त्याचं हेच चालायचं. घोरणारा माणूस गाढ झोपलाय, हे मी जन्मभर मानत आलो. आता तो नाकाला यंत्र लावून झोपतो. बायको म्हणते, शेजारी हत्ती झोपल्यागत दिसतंय, पण निदान मला झोप लागते.

दुसरी लोहगडवाडीची. गडावर येणाऱ्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून घालणारी. शनिवार-रविवारी चुलीपुढून उठायला सवड नाही. म्हणाली, पाण्याची कळशी उचलली की डोळ्यापुढं काजवे येतात. ताईनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, "माती, बर्फ, कच्चे तांदूळ, असं काही खावंसं वाटतं का?" मला हसू आलं. बाई मात्र चपापली. "तांदूळ निवडताना मूठ मूठ तोंडात टाकते. इंद्रायणीचा वास लय ग्वाड लागतो. सासू म्हनती, पोत्याला उंदीर लागला." ताई म्हणाली, "रक्त कमी झालं की असं होतं." मग माझ्याकडे वळून, "काका, जरा बाहेर थांबा." मी बाहेर थांबलो. महिन्याच्या महिन्याला तिचं किती रक्त जात होतं, ते ती माझ्यादेखत बोलली नसती. अशा किती बायांना मी एवढ्या वर्षांत पिवळी बाटली लावली असेल? त्या काही बोलल्या नाहीत, कारण खांबाशी मी उभा होतो.

आणि एक धोंडूआबा. धरणाकाठची जमीन विकली, तिथं कुणाकुणाचे बंगले झाले. आबाला घर पक्कं झालं, दारात गाडी आली आणि अंगातलं बळ गेलं. रक्त तपासलं, साखर तपासली, थायरॉईड का काय ते तपासलं. सगळं चांगलं.

"आबा, दिवसभर काय करता?" ताईनं विचारलं.

"काय करनार? म्हशी व्हत्या तवर चारला उठायचो. आता बी चारलाच जाग येती. उठून जायचं कुटं?"

आबा गेल्यावर मी म्हणालो, "रिपोर्ट चांगले म्हणजे नाटक." ताई मला सहसा रागावत नाही. त्या दिवशी रागावली. मन आजारी पडलं तरी अंग जड होतं, तेही खरंच जड होतं, आणि त्यालाही औषध असतं, म्हणाली. मी मान हलवली.

आता माझं सांगतो.

माझा थकवा रमजानात सुरू झाला. मी म्हटलं, रोजे आहेत, थकणारच. रमजान संपला, ईद झाली, शीरखुर्मा वाट्यानं ओरपला. थकवा आहे तिथंच. मग म्हटलं, ऊन. ऊन गेलं, पाऊस आला. मग म्हटलं, दमट हवा. मावळात दमट हवेला तोटा नाही, त्यामुळे हे कारण पुष्कळ दिवस पुरलं. एसटी थांब्यापासून दवाखान्यापर्यंत बारीकसा चढ आहे, बैलालाही कळणार नाही असा. तिथं मी थांबून मोबाईल काढून बघू लागलो. मला कुणाचाच फोन येत नाही. पण चढावर उभं राहायला माणसाला काहीतरी काम लागतं.

ताईला सांगायचं तर मनात धाकधूक. या वयाच्या माणसाला थकवा आला म्हटलं की घरी बसवतात. दवाखान्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. घरी बसून मी काय कुटणार होतो, जैतूनचा लसूण?

त्यात लोक म्हणू लागले, "भाई, तब्येत सुधारली." गाल भरले, पोट सुटलं. मी खूश. चप्पल मात्र पायात जाईना. चांभाराकडे घेऊन गेलो आणि त्याच्यावरच आवाज चढवला, "कसलं चामडं घातलंस रे? आटलं की!"

त्यानं चप्पल बघितली, मग माझा पाय बघितला. "भाई, चामडं न्हाई आटलं. पाय वाढलाय."

"या वयात पाय वाढतो व्हय?"

"त्ये तुमी सांगा. दवाखान्यात तुमी असता."

मी दुसरी, एक नंबर मोठी चप्पल घेतली. प्रश्न मिटला.

जैतून म्हणाली, "अवो, आता तीन उश्या लागत्यात तुमास्नी. बसूनच झोपता."

"टीव्ही नीट दिसतो."

"टीव्ही तर भाईरच्या खोलीत हाय!"

असं चाललं होतं. तेवढ्यात ताईनं लोहगडवाडीला तपासणीचं शिबिर ठरवलं. अशा शिबिरांत मी पुढं असतो. माणसं ओळीनं बसवायची, ओरडायचं, हे माझं. आदल्या दिवशी दुपारी ताई म्हणाली, "काका, उद्या तुम्ही नका येऊ. चढ आहे. हल्ली तुम्हाला धाप लागते, मी बघतेय. आणि परवा तुम्हालाच तपासणार आहे."

"कुनाला धाप? मला? ताई, तुमाला खांद्यावर घेऊन धरणाला चक्कर मारलीया मी."

"तेव्हा मी पाच वर्षांची होते, काका."

ती जेवायला घरी गेली. घर दवाखान्याच्या मागेच. दुपारभर दवाखाना बंद असतो. जाताना किल्ल्या टेबलावर विसरली.

पुढचं मी काय केलं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. म्हटलं, एक पिवळी लावू, उद्या गड चढून दाखवू. दाराला आतून कडी घातली. खाटेवर बसून एका हातानं आणि दातांनी रबर आवळलं. पहिल्याच टोचणीला शीर सापडली. स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं, बघायला कुणी नव्हतं याचं वाईट वाटलं. ताई यायच्या आत उरकायचं म्हणून बाटली सुसाट सोडली आणि आडवा झालो.

अर्धी बाटली गेली असेल. घशात खाकर आली. खोकलो. परत खोकलो. मग छातीवर कुणी भिजलं पोतं टाकावं तसं झालं. उठून बसलो. श्वास आत जाईना. घशातून हुक्क्यासारखी गुडगुड येऊ लागली. धरणात पोहायला शिकताना एकदा नाकातोंडात पाणी गेलं होतं, तसंच, फक्त इथं कोरड्या खाटेवर. सुई उपसून टाकली. हातातून रक्त ओघळू लागलं. ताईला हाक मारावी तर हाकेला वारा लागतो, तो नव्हता. आणि कडी मीच घातलेली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. पेठेतल्या हौसामावशी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला नेहमी वेळेआधी येऊन बसतात. यावरून मी त्यांच्याशी कैक वेळा भांडलोय. भिंत धरत, खाली बसत, सरपटत मी दारापर्यंत गेलो आणि कशीबशी कडी काढली. मावशींनी बघितलं. माझं तोंड निळं, अंगाला घाम, हाताला रक्त, ओठावर फेस.

मी म्हणालो, "दवाखाना... बंद हाय. पाचला... या."

तेव्हा मी खरोखर हेच बोललो. मरणाच्या दारात माणसाला अल्ला आठवतो म्हणतात. मला दवाखान्याची वेळ आठवली.

"मेल्या, बंद तर तू व्हाया लागलास!" मावशी ओरडल्या आणि त्या वयात मागच्या घराकडे धावल्या.

ताई जेवणाचा हात न धुताच धावत आली. मला निजवू पाहणाऱ्या मावशींना तिनं थांबवलं, मला खुर्चीत ताठ बसवलं, पाय खाली सोडले, नाकाला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. लटकणारी अर्धी पिवळी बाटली तिनं बघितली. तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात गाडीतून नेताना माझा हात तिनं सोडला नाही. मला वाटलं माया आहे. नंतर कळलं, नाडी बघत होती. मायासुद्धा असेल.

तळेगावला फोटो निघाले, सोनोग्राफीसारखं काहीतरी काळजाचंही झालं. माझं काळीज दमलं होतं. केव्हातरी न कळत एक झटका येऊन गेला असावा, म्हणाले. साखर असली की असं गुपचूप होतं, आणि साखर मला होती, मी तपासली नव्हती इतकंच. पंप कमजोर पडला की पाणी पुढं सरकत नाही, पायात उतरतं, पोटात साचतं, आडवं पडलं की छातीत चढतं. गाल भरले होते ते पाण्यानं. आणि अशा भरलेल्या माणसात मी वरून मिठाचं पाणी सुसाट सोडलं होतं. बाटलीत मीठ आणि पाणी असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही.

ताईनं खाटेशी बसून विचारलं, "काका, खरं सांगा. त्रास कधीपासून?"

"दोन दिस."

खाटेच्या पायथ्याशी जैतून उभी होती. तिनं पदर खोचला. "दोन दिस? ताई, रमजानापास्नं हाय! उश्या तीन झाल्या. चप्पल बदलली. पान्याची बादली म्या उचलती. नमाजाला गेलं की वाटंत दोनदा बसत्यात, वरनं सांगत्यात, वळखीचं मानूस भेटलं. इतकी वळख हाय तर एक बी मानूस घरी कसं आलं न्हाई कवा?"

ताई हसली आणि मग तिच्या डोळ्यात पाणी आलं. "चाळीस माणसांना मी रोज खोदून खोदून विचारते," ती म्हणाली, "आणि माझ्या दारात बसलेल्या माणसाला उद्यावर ढकललं." मी मान हलवायला गेलो, पण नाकात नळी होती.

आता मी बरा आहे, म्हणजे गोळ्यांवर बरा आहे. लघवीची एक गोळी आहे, ती घेतली की सकाळभर कुठं जायची सोय नाही. रोज वजनकाट्यावर उभा राहतो. मीठ जवळजवळ बंद. लोणच्याची बरणी जैतूननं शेजारी नेऊन ठेवली आहे, कुठल्या शेजारी ते सांगत नाही. दवाखान्यात ताईनं दाराशी स्टूल दिलंय. तिथं बसून मी येणाऱ्याला विचारतो, झोप येते, का दम लागतो, का बळ गेलंय, का मनच लागत नाही? लोक म्हणतात, "भाई, पयले बाटली लावायचा, आता डोकं खाता." शीर शोधायची ती मात्र ताई स्वतः शोधते. दोनदा चुकते. मी स्टुलावर हात दाबून बसतो.

परवा संध्याकाळी जैतून आणि मी बाजार करून एसटीकडे निघालो. पिशव्या तिच्याकडे, कारण मला ओझं मना आहे. नेहमीप्रमाणे मी दोन पावलं पुढं. आता वाट उताराची, तरी निम्म्यावर छाती भरून आली. हात मोबाईलकडे गेला होता. काय वाटलं कोण जाणे, हात काढला आणि म्हणालो,

"जैतून, थांब गं. मी दमलो."

लग्न झाल्यापासून हा शब्द तिनं माझ्या तोंडून ऐकला नव्हता. ती जागीच थांबली. मला वाटलं आता टोमणा येणार. तिनं पिशव्या खाली टाकल्या आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर मटकन बसली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "माजं तर कवाचं पाय मोडल्यात."

"मग बोलायचं न्हाई?"

"कुनाफुडं? तुमी दमत नव्हता. मी कशी दमू?"

ती पाय चोळत होती. पाय सुजलेले नव्हते, मी नीट बघितलं. ओठ मात्र पांढुरके दिसले. की संध्याकाळच्या उजेडानं तसे दिसले, ठरवता येईना.

मी विचारलं, "दम लागतो, का झोप येती, का बळच गेल्यागत वाटतंय?"

"आता गप बसा की जरा," ती म्हणाली. "थकल्यावर बसत्यात. इचारत न्हाईत."

मी तिच्या शेजारी कठड्यावर टेकलो. एसटी आली, दारं आपटली आणि आम्हाला न घेताच निघून गेली. दोघांपैकी कुणी उठलं नाही. पुढच्या एसटीला पुष्कळ वेळ होता. ताईच्या घरात दिवा लागलेला दिसत होता. थोड्या वेळानं मी पिशव्या तिथंच मोरीवर ठेवल्या, जैतूनला हात दिला आणि आम्ही दोघं, मधे दोनदा बसत, तो चढ परत चढून गेलो.